रिकामी जागा आणि शून्य

मिलर पकेट यांनी १९९६ सालीं रचलेल्या ‘प्युअर डेटा’ या संगणकभाषेंत चौकटी तारांनी जोडून ध्वनि निर्माण करितात. आपण रचलेल्या चौकटीस कंपनसंख्या द्यावयाची राहिली, तर यंत्र मुकाट्यानें तेथें ० धरतें आणि कानीं कांहींच पडत नाहीं. हें शून्य मुद्दाम दिलें कीं विसरलें, तें नुसती किंमत पाहून कळावें कसें? पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपींत लांबविलेल्या स्वरासही आडवी रेघ असते. म्हणून त्रितालाच्या १६ मात्रांतील एक गळाली, तर मोजतांच सांपडते. येथेंही मोजावेंच. ‘पीडीकंट्रोल’ चौकटीस ‘आर्ग्ज’ हा संदेश धाडला कीं दिलेल्या मूल्यांची यादी मिळते. यादी अपुरी, तर मूल्य राहिलें. यादी पूर्ण व तींत ०, तर तें दिलेलेंच होय.