अंधारात बाबांना साप का दिसला नाही?

दिवा मालवून मोबाईल बघता ना? आमच्या घरी सगळेच बघतात.

आमच्या शेतातल्या मोटारीला एक आठवडा दिवसा वीज असते, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला बाबा अंथरुणात मोबाईल बघत जागे राहतात. मागच्या महिन्यात त्यांनी मोबाईल चार्जिंगला लावला आणि तसेच अंगणात उतरले. बॅटरी कोनाड्यातच राहिली. पायरीजवळ साप होता. बाबांना दिसला नाही. ओट्यावर अंधारात बसलेल्या आजीला दिसला! ती ओरडली, "थांब रे!" साप सरपणात गेला.

मी गुरुजींना विचारलं, आजीला चष्मा आहे, तरी तिलाच कसा दिसला? गुरुजींनी सांगितले की, डोळ्याच्या बाहुलीतून उजेड आत जातो. उन्हात बाहुली बारीक होते, सुमारे २ मिलिमीटर. अंधारात ७-८ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. (मांजराची बघा, लगेच कळेल.) बाहुली लवकर बदलते. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अंधारात बघायच्या वेगळ्या पेशी असतात. त्यांच्यातले रंगद्रव्य उजेडाने विरते आणि पुन्हा पुरते भरायला २० ते ३० मिनिटे लागतात.

मग मी प्रयोग केला. रात्री दिवा मालवला. डावा डोळा तळहाताने घट्ट झाकला आणि उजव्याने मोबाईल बघितला, आई रागावेपर्यंत. वीस मिनिटं तरी झाली असतील. मोबाईल बंद केला. उजव्या डोळ्याला नुसता काळोख! डाव्याला मात्र दार, रांजण, खुंटीवरची बाबांची टोपी, सगळं दिसलं. ताईला खरं वाटेना. तिनेही करून बघितला, मग गप्प बसली.

दुपारी बांधावर हाच मोबाईल काळा दिसतो, हाताचा आडोसा धरावा लागतो. रात्री तोच डोळ्यांत टोचतो. मोबाईल तोच, भोवतीचा उजेड निराळा. म्हणून रात्री मी उजेडाची पट्टी खाली ओढून दिली. बाबा म्हणाले, "काही दिसत नाही." पाच मिनिटांनी दिसायला लागलं.

ताईच्या पापण्याही मी मोजल्या. बोलताना मिनिटाला १६ वेळा लवल्या, मोबाईल बघताना ५ वेळा. पापणी लवली नाही की डोळा कोरडा पडून चुरचुरतो.

आता रात्रपाळीला बाबा मोबाईल लवकर ठेवतात आणि निघायच्या आधी अर्धा तास आजीजवळ ओट्यावर बसतात. आजी खूश आहे, तिला गप्पा मारायला मिळतात. बॅटरीचे सेल उतरलेत, ते मात्र बाबांनी अजून आणले नाहीत.