‘क्लोज रँक्स’ : एकजुटीचा अर्थ आणि मर्यादा

इंग्रजीतील ‘टू क्लोज रँक्स’ हा वाक्प्रचार शब्दशः घेतल्यास वाचकाची फसगत होते. येथे ‘रँक’ म्हणजे हुद्दा नव्हे, तर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या सैनिकांची रांग. आणि ‘क्लोज’ म्हणजे बंद करणे नव्हे, तर मधले अंतर मिटवून जवळ येणे.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोपातील पायदळ दाट रांगा करून लढत असे. एखादा शिपाई कोसळला की शेजारचे सैनिक सरकून ती जागा भरून काढीत. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर फ्रेंच घोडदळाच्या लागोपाठच्या हल्ल्यांपुढे ब्रिटिश पायदळाचे चौकोनी व्यूह टिकले, त्यात या शिस्तीचा मोठा वाटा होता. संकटकाळी मतभेद बाजूस ठेवून एकजुटीने उभे राहणे, हा लाक्षणिक अर्थ यातूनच रूढ झाला.

या शब्दांची किंमत किती असू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी ‘द क्रायसिस’ या मासिकाच्या जुलै १९१८ च्या अंकात याच मथळ्याचा अग्रलेख लिहिला. युद्ध संपेपर्यंत आपली गाऱ्हाणी बाजूस ठेवून गोऱ्या देशबांधवांबरोबर उभे राहा, असे आवाहन त्यांनी केले. त्यांच्यावर स्वकीयांकडूनच कडाडून टीका झाली. कृष्णवर्णीय सैनिक वेगळ्या पलटणींत लढले. परंतु १९१९ च्या उन्हाळ्यात शिकागो, वॉशिंग्टन आदी शहरांत त्यांच्या समाजावर हल्ले झाले. त्याआधीच, मे १९१९ मध्ये, डु बॉइस यांनी परतलेल्या सैनिकांना मायदेशातील अन्यायाशी लढण्याची हाक दिली होती. एका बाजूने पाळलेली एकजूट पुरेशी ठरत नाही, हाच याचा बोध होय.

या वाक्प्रचाराला दुसरी छटाही आहे. एखाद्या संस्थेवर आरोप होताच तिचे सदस्य दोषी सहकाऱ्याला पाठीशी घालतात, तेव्हाही त्यांनी ‘क्लोज रँक्स’ केले असेच म्हणतात. तेथे ‘एकजूट’ हे भाषांतर चुकीचे ठरेल. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही आपली म्हण त्या वृत्तीच्या अधिक जवळची आहे.

शिक्षकांनी हे दोन्ही अर्थ संदर्भासह समजावून द्यावेत. पूर आला असता ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य गट विसरून एकत्र येतात, तो पहिला अर्थ; हिशेबातील चूक झाकण्यासाठी एकत्र येतात, तो दुसरा. रांग कोणाच्या रक्षणासाठी जुळली आहे, एवढे पाहिले म्हणजे नेमका अर्थ कळतो.