तेलाने बिघडलेली माती आणि जीवाणूंचे कार्य

(इयत्ता सातवी, सामान्य विज्ञान : पाठाचे टाचण)

उद्देश : मातीतील अदृश्य जीव तेलाचे विघटन कसे करतात व त्यांस मनुष्याचे साहाय्य का लागते, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

प्रस्तावना : विहिरीवरील डिझेल इंजिनाजवळची काळी, चिकट जमीन बहुतेक मुलांनी पाहिलेली असते. तेथे गवत का उगवत नाही, हा प्रश्न प्रथम विचारावा. तेलाने मातीतील पोकळ्या भरल्या की मुळांना हवा व पाणी मिळत नाही. शिवाय हेच तेल झिरपत विहिरीपर्यंत जाऊ शकते.

विवेचन : खनिज तेल मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांचे बनलेले असते. स्यूडोमोनाससारखे काही जीवाणू त्याचा अन्न म्हणून उपयोग करतात. प्राणवायूच्या साहाय्याने ते तेलाचे कण फोडतात व शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. परंतु शरीराच्या वाढीस लागणारे नत्र व स्फुरद त्यांना तेलातून पुरेसे मिळत नाही. म्हणून मातीत खत घालणे, ती नांगरून मोकळी करणे व ओलावा टिकविणे हे मनुष्याचे काम ठरते.

याचे मोठे उदाहरण अमेरिकेतील अलास्काचे आहे. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे जहाज खडकावर आदळून सुमारे ४ कोटी लिटर तेल समुद्रात सांडले. तेथील किनाऱ्यांवर नत्र व स्फुरदयुक्त खते टाकण्यात आली आणि स्थानिक जीवाणूंनीच तेलाचे विघटन जलद केले. मात्र गोट्यांखाली खोलवर मुरलेले काही तेल २००१ साली केलेल्या पाहणीतही आढळले.

भारतात ‘टेरी’ या संस्थेने तेलभक्षक जीवाणूंचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे मिश्रण तयार केले. मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांची पूड त्यांचे वाहन म्हणून वापरली जाते. आसाम व गुजरात येथील तेलक्षेत्रांत याचा उपयोग झाला आहे.

मर्यादा : डांबरासारखा जड भाग फार सावकाश विघटित होतो. वापरलेल्या इंजिन तेलातील धातू तर जीवाणूंना नाहीसे करता येत नाहीत. यास्तव तेल मातीत न ओतणे हाच पहिला उपाय होय, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.

प्रयोग : तीन कुंड्यांत सारखी माती भरावी. पहिली तशीच ठेवावी. उरलेल्या दोहोंत सारखे गोडे तेल कालवावे. डिझेल किंवा रॉकेल मुलांच्या हाती देऊ नये. गोडे तेल खनिज तेलापेक्षा लवकर कुजते, हेही सांगावे. तिसऱ्या कुंडीत कुजलेले शेणखत मिसळून दर आठवड्यास माती उकरावी. तिन्हींस बेताचे पाणी द्यावे. सहा आठवड्यांनी प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे पेरून किती उगवले ते फळ्यावर मांडावे. आकडे अपेक्षेविरुद्ध आले तरी ते तसेच लिहावेत व कारणांचा विचार मुलांकडून करवून घ्यावा.

प्रश्न :
१. तेल खाणाऱ्या जीवाणूंना खत का लागते?
२. खोलवर मुरलेले तेल दीर्घकाळ का टिकते?
३. तिसऱ्या कुंडीस खत व हवा दोन्ही मिळाली. अधिक उपयोग कशाचा झाला, हे ठरविण्यास आणखी कोणत्या कुंड्या ठेवाव्या लागतील?