ऐकून कळेल असे विचारावे कसे?



रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर फोन केला की ध्वनिमुद्रित आवाज आपल्याशी बोलू लागतो. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' सुरू केले. त्यातील एका प्रकारात अशा सूचना ऐकून पैसेही पाठवता येतात. ज्या आजी-आजोबांना पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नाहीत, त्यांना हा आवाजच आधार. तेथे वाक्य चुकले तर पैसे चुकतात. म्हणून अशी वाक्ये कशी रचावीत, ते या पाठात पाहू.

१) पर्याय थोडे. छापलेले पुन्हा वाचता येते. ऐकलेले विरून जाते. तात्पुरत्या स्मरणात सुमारे सात गोष्टी राहतात, असे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ही संख्या चारच्या आसपास सांगितली. तेव्हा एका वेळी तीन-चार पर्याय पुरेत.

२) काम आधी, आकडा नंतर. "दोन दाबा, तक्रारीसाठी" असे ऐकताना 'तक्रार' येईपर्यंत 'दोन' निसटतो. "तक्रारीसाठी दोन दाबा" ही मराठीची सहज रचनाच येथे योग्य.

३) प्रश्न शेवटी. "कोणत्या तारखेला जायचे? दिवस व महिना दोन्ही सांगा." येथे प्रश्न ऐकताच माणूस बोलू लागतो आणि पुढची सूचना त्याच्या बोलण्यात बुडते. सूचना आधी द्यावी, मग प्रश्न विचारून थांबावे.

४) उत्तरे ओळखावीत. "तिकीट काढले का?" याला आपण "नाही" म्हणतो, "तिकीट काढायचे का?" याला "नको". होकारही 'हो', 'होय', 'हां' असा निरनिराळा. यंत्राला हे सारे ठाऊक हवे. "तिकीट नको ना?" असा प्रश्न मात्र विचारूच नये, त्यावरच्या "हो"चा अर्थ लावताना माणूसही गोंधळतो.

५) रक्कम परत म्हणावी. फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच वाटू शकतात. आपल्या वडोदऱ्यात तर घरचे 'अडीचशे' बाजारात 'अढीसो' होतात. म्हणून यंत्राने विचारावे, "दोन, पाच, शून्य. दोनशे पन्नास रुपये पाठवायचे का?"

६) दोष देऊ नये. "चुकीचे उत्तर" म्हटले की वयस्कर माणूस फोन ठेवून देतो. "नीट ऐकू आले नाही. पुन्हा सांगाल का?" असे म्हणावे. दुसऱ्यांदा एखादे उदाहरण द्यावे. तिसऱ्यांदा खऱ्या माणसाकडे फोन जोडावा.

यंत्र बनवणारे मराठी घरात वाढलेले असतील, तर 'नाही' आणि 'नको' यांतला फरक त्यांना कोणी शिकवावा लागणार नाही. घरी मराठी बोलत राहण्याचा हाही एक उपयोग.

स्वाध्याय : स्नेहसंमेलनाची वेळ, जागा व प्रवेशिका यांची माहिती देणारी फोन-सूचना लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना ती कागद न दाखवता एकदाच ऐकवा. त्यांनी काय सांगितले ते लिहून आणा. जेथे ते अडखळले, तेथे वाक्य बदला.