तारखेआधीचा शब्द वाच

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

निर्यात कंपनीत कागदपत्रांचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून फार बरं वाटलं. तुझं इंग्रजी चांगलं आहे. तरी काळवेळेच्या शब्दांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तुझ्या कामात असा एक शब्द चुकला की पैसे अडकतात.

मराठीत 'पर्यंत' आणि 'पासून' यांत आपलं बरंचसं भागतं. 'पाचपर्यंत कागद पाठवतो' आणि 'पाचपर्यंत ऑफिसात आहे', दोन्हीकडे शब्द एकच. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' लागतो, दुसऱ्याला 'अंटिल'. एकदाच उरकायच्या कामाची मुदत असेल तर बाय, चालू राहणाऱ्या गोष्टीला अंटिल. 'सिन्स टू इयर्स' ही चूकही 'पासून'मुळेच होते. तिथे 'फॉर' हवा. आणि 'इन थ्री डेज' म्हणजे तीन दिवसांनी, 'विदिन थ्री डेज' म्हणजे तीन दिवसांच्या आत. ग्राहकाला शब्द देताना हे विसरू नकोस.

एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेलं पैशांचं हमीपत्र (लेटर ऑफ क्रेडिट), मात्र डोळ्यांत तेल घालून वाच. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे यूसीपी ६०० हे एलसीचे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांचं तिसरं कलम पाठच करून ठेव. माल रवाना करायची मुदत 'अंटिल १५ मार्च' असेल तर १५ तारीख चालते. 'बिफोर १५ मार्च' असेल तर १४ लाच माल जहाजावर चढलेला हवा. 'फ्रॉम' सगळ्यांत फसवा. शिपमेंटच्या मुदतीत 'फ्रॉम १ मार्च' म्हटलं की १ तारीख धरतात, पण पैसे कधी मिळायचे ते मोजताना तीच वगळतात. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, १ मार्चचं आणि त्या तारखेपासून ३० दिवसांची उधारी असेल, तर मोजणी २ पासून आणि पैसे ३१ मार्चला. 'ऑन ऑर अबाउट'चा अर्थ मोघम नाही. पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत. 'प्रॉम्प्ट', 'इमीजिएटली' असले शब्द तर बँक जमेसच धरत नाही.

म्हणून खरेदीदाराकडून मसुदा आला की प्रत्येक तारखेआधीच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढ. शंका असेल तर एलसी उघडण्याआधीच बदल करून घे. नंतरच्या दुरुस्तीला बँकेची संमती लागते, आणि तोवर जहाज थांबत नाही.

तुझा,
काका