शहर कसे वाढते व जमीन कोठे जाते

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे पांढरी व काळी असे दोन भाग मानण्याची वहिवाट फार जुनी आहे. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. गावठाण बसविताना पाणी न साचणारी व भिंतीला धरणारी जागा पाहत, आणि नांगर चालावयाचा तो काळीत. ह्यांखेरीज गुरांकरिता गोठण व गायरान, वऱ्हाडात जिला आजही ई-क्लास म्हणतात ती सरकारी चराऊ जमीन, गाडीकरिता पांदण आणि मेलेल्यांकरिता मसणवटा, असे प्रत्येक तुकड्याचे काम नेमलेले असे. हल्लीचे भूगोलशास्त्र ह्यालाच भूमिउपयोग म्हणते. भेद इतकाच की, खेड्यात जमिनीचे काम रूढीने ठरते, तर शहरात ते बहुतांशी किमतीने ठरते. आणि ती किंमत आपल्या धुऱ्याच्या आत नव्हे, तर बाहेर कोठे तरी उत्पन्न होते. ज्यांची वावरे यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दारव्हा किंवा दिग्रस ह्या गावांच्या कडेस लागली आहेत, त्यांस ह्या शास्त्राची मूलतत्त्वे ठाऊक असणे अगत्याचे आहे असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न असा की, शहर एखाद्या ठिकाणीच का बसते? शास्त्रज्ञ येथे दोन गोष्टी निराळ्या करतात. एक, प्रत्यक्ष जागा, म्हणजे तेथील उंची, माती व पाणी. दुसरी, त्या जागेचा भोवतालच्या मुलखाशी असलेला संबंध, म्हणजे रस्ते, बाजार व कचेऱ्या. पुसद हे पूस नदीच्या काठचे गाव आहे. तेथे जागेचा गुण सहज दिसतो. यवतमाळाचे तसे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवरचे हे ठिकाण पूर्वी येवता ह्या नावाचे एक परगण्याचे गाव होते. ऐन-इ-अकबरीत त्याचा उल्लेख शेजारच्या लोहारा गावाशी जोडून केलेला आहे. पुढे वणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे येथे आले, आणि १९०५ साली दारव्हा व पुसद हे तालुके जोडले जाऊन जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. केवळ जिल्ह्याचे ठाणे झाल्यामुळे भरभराटीस आलेले वऱ्हाडातील हे एकटेच शहर होय, असा अभिप्राय जुन्या इंपीरियल गॅझेटियरात नमूद आहे. म्हणजे कचेरी आधी आली. वकील, सावकार, अडते व शाळा तिच्यामागून आल्या. १९०१ साली येथे १०,५४५ माणसे होती. २०११ च्या खानेसुमारीत नगरपरिषदेच्या तेव्हाच्या हद्दीतच १,१६,५५१ भरली. एकशे दहा वर्षांत अकरा पट!

तथापि कचेरीने शहर जन्मास येते. ते पोसले जाते रस्त्याने. त्या काळी यवतमाळचा कापूस २९ मैलांच्या पक्क्या सडकेने धामणगाव स्टेशनावर जात असे. पुढे मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटरांचा अरुंद मार्ग झाला. पुष्कळ वाचकांनी ह्या शकुंतला गाडीने प्रवास केला असेल. ती आता बंद पडली आहे. २०२४ साली नव्या वर्धा-नांदेड मार्गापैकी वर्धा ते कळंब हा भाग सुरू झाला. आमच्या वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, रूळ पडण्यापूर्वीच, मोजणीचे दगड रोवले जाताच जमिनीचे भाव हलू लागतात. आणि त्या वेळी घेणाऱ्यास जे ठाऊक असते ते देणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते.

शहर व खेडी ह्यांच्या नात्याविषयी वॉल्टर क्रिस्टालर ह्या जर्मन भूगोलज्ञाने १९३३ साली एक उपपत्ती मांडली. तिचे सार आपल्या आठवडी बाजारावरून चांगले कळते. मीठ-मिरची व सुई-दोरा ह्यांकरिता कोणी दोन कोसांपलीकडे जात नाही. लग्नाचा बस्ता बांधावयास तालुक्याचे गाव गाठावे लागते. मोठी शस्त्रक्रिया करावयाची तर यवतमाळ, आणि तेथेही भागले नाही तर नागपूर. प्रत्येक मालास व सेवेस दोन मर्यादा असतात: गिऱ्हाईक तिच्यासाठी किती दूर येईल ही एक, आणि ती देणाऱ्याचे पोट भरावयास किती गिऱ्हाईक लागेल ही दुसरी. ह्या दोहोंच्या मेळाने लहान केंद्रे पुष्कळ व मोठी थोडी, अशी उतरंड आपोआप तयार होते. कापसाचा बाजार हा ह्या उतरंडीतला वरचा थर. दारव्ह्याच्या शेजारच्या कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडाकरिता कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, त्या काळापासून ज्या गावास बाजार मिळाला ते गाव वाढले, असे सामान्यपणे म्हणता येते.

आता आम्ही ह्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. शहराभोवतीच्या जमिनीचा विचार प्रथम पद्धतशीर रीतीने कोणी केला असेल तर तो एका शेतकऱ्याने. योहान हाइनरिख फॉन ट्यूनेन हा जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात टेलो नावाच्या आपल्या जमिनीवर राहून काटेकोर हिशेब ठेवीत असे, आणि त्या हिशेबांच्या बळावर त्याने १८२६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सगळीकडे सारखीच माती असलेल्या सपाट मुलखाच्या मध्यभागी एकच शहर आहे अशी त्याने कल्पना केली, आणि शहरापासून जो जो दूर जावे तो तो कोणते पीक परवडेल हे काढले. त्याचा हिशेब आपण आपल्या आकड्यांनी करून पाहू. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, एका एकरातील भाजीपाला बाजारात ६०,००० रुपयांस विकला जातो व त्यास मशागतीचा खर्च ३०,००० येतो. वाहतूक व नासाडी मिळून दर किलोमीटरास १,००० रुपये जातात. बाजाराच्या दाराशी असलेल्या वावरात ३०,००० उरतील. १० किलोमीटरांवर २०,०००. आणि ३० किलोमीटरांवर काहीच नाही. कपाशीचे उत्पन्न समजा ३७,००० व खर्च २५,००० आहे. परंतु कापूस वाटेत सडत नाही, म्हणून वाहतुकीस दर किलोमीटरास १०० रुपयेच लागतात. दाराशी उरले १२,०००, ३० किलोमीटरांवर ९,०००. आता ताडून पाहावे. २० किलोमीटरांवर दोन्ही पिके सारखी, म्हणजे १०,००० देतात. त्याच्या आत भाजीने जिंकावे आणि बाहेर कपाशीने. माती तीच, मेहनत तीच. फरक केवळ अंतराचा. अंतरामुळे होणाऱ्या ह्या फायद्यास अर्थशास्त्रज्ञ स्थानाचा खंड म्हणतात.

ट्यूनेनच्या वर्तुळांत भाजी व दूध ह्यांच्या लगेच बाहेर जंगल होते, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल. कारण सरपण हे जड व स्वस्त, आणि शहरास रोज हवे. गॅसच्या शेगडीने ते वर्तुळ पुसून टाकले आहे. टेम्पोने भाजीचे वर्तुळ ताणून लांब केले आहे. परंतु तत्त्व मोडलेले नाही.

त्याच हिशेबात आता पिकाच्या जागी घर घाला. दुकानदारास चौकापासून शंभर पावले दूर जाणे परवडत नाही. राहणारास दोन-तीन किलोमीटर चालतात. शेतास तर त्याहूनही दूर चालते. म्हणून जवळच्या जागेसाठी दुकानदार सर्वांत चढी बोली देतो, त्याच्याबाहेर घर बांधणारा, आणि सर्वांबाहेर शेतकरी. विल्यम अलोन्सो ह्या अमेरिकन पंडिताने १९६४ साली ट्यूनेनचा हिशेब शहरास लावून दाखविला तो हाच. ह्यातून एक गोष्ट उघड होते. शहराच्या कडेच्या वावरास जो भाव येतो तो त्यातील कपाशीचा नव्हे. शेतीच्या कोणत्याही सुधारणेने तो गाठता येणार नाही. ज्याने पिकाच्या उत्पन्नावरून किंमत बांधली तो विकताना फसतो, आणि ज्याने शेजाऱ्याच्या विक्रीवरून स्वप्ने रचली तो कर्ज काढताना फसतो.

शहराच्या अंतर्रचनेविषयी तीन मते विशेष प्रसिद्ध आहेत. ती थोडक्यात सांगतो. १९२५ साली बर्जेस ह्याने शिकागो पाहून म्हटले की, शहर वर्तुळावर वर्तुळ असे वाढते. १९३९ साली हॉईटने म्हटले की, नाही, ते मोठ्या रस्त्यांच्या अनुरोधाने फाकांसारखे वाढते. १९४५ साली हॅरिस व उलमन म्हणाले की, त्यास एक नव्हे तर अनेक केंद्रे असतात. आमच्या मते यवतमाळास हॉईटचे म्हणणे अधिक लागू पडते. दारव्हा, धामणगाव, आर्णी व पांढरकवडा ह्या चारही रस्त्यांनी वस्ती बोटांसारखी बाहेर पसरली आहे, आणि दोन बोटांच्या मधल्या बेचक्यात अद्याप पिके उभी दिसतात. लोहाऱ्याची औद्योगिक वसाहत हे मात्र दुसरे केंद्र मानावे लागेल. अकबराच्या काळी ज्या लोहाऱ्याचे नाव यवतमाळच्या बरोबरीने लागत असे, ते आता वडगाव, उमरसरा व वाघापूर ह्यांच्याप्रमाणे नगरपरिषदेच्या हद्दीत गेले आहे.

ह्या बेचक्यातील जमिनीवाल्यांस आमचे विशेष सांगणे आहे. तेथील माती पुष्कळ ठिकाणी खोल काळी आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते; पिकास तिच्यासारखी दुसरी नाही, आणि पायास तिच्यासारखी वाईट नाही. घरास तडे जाऊ नयेत म्हणून काळीत पाया खोल न्यावा लागतो व खर्च वाढतो. जवळच बरड मुरमाड जमीन असते. तिच्यावर कपाशी गुडघाभर वाढत नाही, पण भिंत पिढ्यानपिढ्या उभी राहते. किमतीचा बाजार हा भेद पाहत नाही. तो फक्त चौकापासूनचे अंतर मोजतो. आमच्या वाडवडिलांनी पांढरी व काळी निराळ्या ठेवल्या त्या पाहता, काळीचे भूखंड पाडून बरड ओसाड ठेवण्यात शेतकरी व घर बांधणारा दोघेही बुडतात. ज्यांच्यापाशी दोन्ही प्रकारची जमीन आहे त्यांनी विकण्याची वेळ आली तर आधी बरडाचा विचार करावा.

पाण्याचेही तसेच. निळोणा व चापडोह ह्या धरणांवर यवतमाळ विसंबून होते. २०१८ च्या उन्हाळ्यात ती आटली आणि शहरात पाण्यासाठी हाहाकार झाला. त्यापूर्वीच बेंबळा प्रकल्पातून शहरास पाणी आणण्याची योजना हाती घेण्यात आली होती. आणि बेंबळा तर सिंचनासाठी बांधलेला. पिण्याच्या पाण्यास कोणी नाही म्हणू नये. परंतु शहर जमिनीच्याही आधी पाण्यावर हात ठेवते, हे लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी जाणून असावे.

राहता राहिला कायदा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ह्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार होतो, व त्यात कोठे वस्ती, कोठे व्यापार, कोठे शेतीचा पट्टा आणि कोठे शाळा, बाग किंवा रस्ता, हे रंगांनी दाखविलेले असते. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे हरकती घेण्यास ठरावीक मुदत मिळते. ह्या मुदतीत नकाशा पाहावयास जाणारे शेतकरी आमच्या पाहण्यात फार थोडे आहेत; सात-बारावर नाव आहे एवढ्यावर ते निश्चिंत असतात. सात-बारा मालकी व पीक दाखवितो. नकाशावर त्याच वावरातून बारा मीटरांचा रस्ता गेला आहे काय, हे तो सांगत नाही. त्यासाठी नगररचना कचेरीतून भाग नकाशा व झोन दाखला काढावा. ज्याची जमीन आरक्षणात अडकून पडली आहे, त्याने अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षे झाली आहेत काय हे पाहावे. तितक्या काळात संपादन झाले नसेल तर कलम १२७ प्रमाणे मालकास नोटीस देता येते, आणि त्यापुढे २४ महिन्यांत संपादन किंवा त्यासाठी कायद्याने लागणारी पावले न उचलली गेल्यास आरक्षण रद्द होते. गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकण्यापूर्वी तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा व त्यातील दुरुस्त्या वकिलाकडून समजून घ्याव्या. अकृषिक वापराचे नियम तर गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत. तेव्हा दलालाच्या तोंडी माहितीवर इसारपावती करू नये, तहसील कचेरीत लेखी विचारणा करावी व उत्तर हाती आल्यावरच सही करावी.