उद्योगाचा संकल्प कशाने दृढ होतो?

शिक्षण पूर्ण केलेल्या तरुणास पुढील बेत विचारला, तर 'नोकरी' हेच उत्तर बहुधा ऐकावयास मिळते. स्वतःचा उद्योग काढण्याचा विचार अनेकांच्या मनात डोकावतो. संकल्प मात्र थोड्यांचाच होतो. असे का घडते, हे ग्रामीण विकासाशी संबंधित प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार कोणत्याही संकल्पामागे तीन गोष्टी असतात : त्या कामाविषयीची स्वतःची आवड, जवळच्या माणसांचा कौल आणि 'हे मला जमेल' हा विश्वास.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा इतिहास याची साक्ष देतो. प्रवरा परिसरातील शेतकऱ्यांजवळ ऊस होता; परंतु साखर कारखाना काढणे हे आपले काम आहे, असे त्यांना वाटत नव्हते. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले. ओळखीच्या माणसाचा शब्द आणि जाणत्याचे मार्गदर्शन यांनी विश्वास निर्माण केला. १९५० साली सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे जिल्ह्यात इतरत्रही असे कारखाने उभे राहिले. शेजाऱ्याचे यश पाहिल्याने धीर येतो, तो असा.

याच जिल्ह्यातील पाथर्डी, जामखेड हे तालुके मात्र अवर्षणप्रवण आहेत. येथील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. अशा घरातील मुलाने धोका पत्करणे म्हणजे साऱ्या घराने तो पत्करणे होय. त्याने नोकरीची वाट धरली, तर त्यास उमेदीचा अभाव म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुलींच्या बाबतीत तर घरच्यांची संमती हाच पहिला उंबरठा असतो.

जिल्हा उद्योग केंद्रांची योजना १९७८ पासून आहे. २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाद्वारे कर्जाशी निगडित अनुदान मिळू लागले. भांडवलाची अडचण त्यामुळे काहीशी हलकी होते. पण अर्ज करण्याचे धैर्य त्याआधी यावे लागते. ते शिकविता येते. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रातील काकिनाडा येथील लहान व्यावसायिकांना प्रशिक्षण दिले, तेव्हा प्रशिक्षितांची क्रियाशीलता इतरांहून अधिक वाढल्याचे दिसून आले.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जवळची गिरणी, दूध संकलन केंद्र वा कार्यशाळा दाखवावी आणि तेथील खर्च, विक्री व नफा यांचा हिशेब त्यांच्याकडूनच मांडून घ्यावा. पंचायत सदस्यांनी पालकांशी बोलावे, दाखले वेळेवर मिळतील हे पाहावे. अधिकाऱ्यांनी अर्ज नामंजूर करताना त्याचे कारण तरुणास समजेल अशा भाषेत सांगावे. आणि ज्याचा पहिला प्रयत्न फसला, त्याची गावात थट्टा होऊ देऊ नये. कारण त्याच्याकडे पाहूनच पुढचा तरुण आपला निर्णय घेत असतो.